गोचिडीच्या मागावर
पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची जंगलातली वाटचाल

१९५७ सालचा मार्च महिना. म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडत आहेत आणि जंगलाकाठच्या गावांत माणसे तापाने फणफणत आहेत, अशी बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, येऊन पोचली. केंद्र तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. बातमी ऐकताच तिथल्या शास्त्रज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत माकडे मरू लागली की मागोमाग माणसांत पीतज्वर दिसतो, हा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांच्या गाठीशी होता. भारतात हा रोग कधीच नव्हता. तो पसरवू शकणारे डास मात्र गावोगाव होते आणि लोकांच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती मुळीच नव्हती. शंका खरी ठरली असती तर देशापुढे केवढे संकट उभे राहिले असते, हे सांगायला नको.

शंका खोटी ठरली. जे सापडले ते मात्र जगाला अगदी नवे होते. पुण्याची ही संस्था त्यानंतर गोचिडीच्या मागे लागली आणि तो माग आजही संपलेला नाही. राष्ट्रीय विषाणू संस्था म्हटले की आता लोकांना कोविडच्या काळातल्या तपासण्या आठवतात. संस्थेचा पिंड मात्र घडला तो मलनाडच्या, म्हणजे शिमोग्याकडच्या डोंगराळ भागातल्या, जंगलात, पाल्यापाचोळ्यातून कापड ओढत चालणाऱ्या माणसांच्या हातून. संस्था पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्या कामाचा इतिहास नीट नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.

संस्थेची स्थापना १९५२ सालची. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू केले. परिषदेचे संचालक तेव्हा डॉ. चिंतामण गोविंद पंडित होते. मद्रासच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेल्या या मराठी शास्त्रज्ञाने स्वतंत्र भारतातल्या वैद्यकीय संशोधनाची घडी बसवली. रॉकफेलर फाउंडेशनची पीतज्वराशी जुनी झुंज होती. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या मॅक्स थायलर यांना पीतज्वराच्या लशीसाठी १९५१चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. ती झुंज आटोक्यात आल्यावर फाउंडेशनने डास, गोचीड, वाळूमाशी अशा संधिपाद जिवांमार्फत पसरणाऱ्या सगळ्याच विषाणूंचा जगभर शोध घ्यायचे ठरवले. त्रिनिदाद, ब्राझीलमधले बेलेम, जोहान्सबर्ग आणि पुणे अशा ठिकाणी त्यासाठी प्रयोगशाळा निघाल्या. पुण्याचे पहिले काम होते या देशात कोणते विषाणू वावरत आहेत याचा अंदाज घेण्याचे. केनेथ स्मिथबर्न, ऑस्टिन केर आणि पी. बी. गटणे यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांचे रक्तद्रव तपासून १९५४ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात झिका विषाणूविरुद्धची प्रतिपिंडेही आढळल्याची नोंद आहे. झिका हे नाव जगाच्या तोंडी झाले ते त्यानंतर साठ वर्षांनी. अनोळखी विषाणूंची अशी चाचपणी आधीच करून ठेवलेली असल्यामुळेच क्यासनूरची बातमी आली तेव्हा संस्था अंधारात नव्हती.

त्याच सुमारास ओरिसातल्या गंजाम जिल्ह्यातही गोचिडीने दार ठोठावले होते. लुळ्या पडलेल्या शेळ्यांच्या अंगावरून काढलेल्या गोचिडींमधून पुण्यात दोन नवे विषाणू वेगळे करण्यात आले. एकाला भांजानगरावरून ‘भांजा’ आणि दुसऱ्याला ‘गंजाम’ हे नाव पडले. पुढे कळले की गंजाम विषाणू म्हणजे आफ्रिकेत मेंढ्यांना गारद करणाऱ्या नैरोबी रोगाच्या विषाणूचाच भाऊ. पुण्याच्या नोंदवह्यांत अशी गावांची नावे विषाणूंना चिकटलेली पुष्कळ सापडतात: शिमोग्याकडचे कैसोडी, नागपूरकडचे चांदीपुरा. पैकी चांदीपुरा वाळूमाशीकडून येतो आणि तो लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. त्याची हकीकत स्वतंत्र लेखाची आहे.

मार्च १९५७च्या अखेरीस टेलफर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे पथक क्यासनूरला पोचले. वर्क तेव्हा केंद्राचे संचालक होते आणि स्वतः जंगलात उतरणारे होते. काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची माकडे, दोन्ही जाती मरत होत्या. नुकत्याच मेलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या माकडांचे रक्त आणि अवयव, आजारी गावकऱ्यांचे रक्त, असे सगळे नमुने बर्फात घालून पुण्याला आणले गेले. त्या काळी विषाणू पकडण्याची रीत म्हणजे नमुना उंदराच्या दोन-तीन दिवसांच्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचा आणि पिल्ले आजारी पडतात का ते पाहायचे. पिल्ले आजारी पडली. एका वानराकडून आणि त्यापाठोपाठ माणसांच्या रक्तातून विषाणू हाती आला. माणसाकडून मिळालेला ‘पी ९६०५’ हा नमुना पुढे या रोगाच्या जगभरातल्या अभ्यासाचा आणि लशीचाही आधार ठरला.

हा विषाणू पीतज्वराचा नव्हता. त्याची जवळीक निघाली ती रशियातल्या ‘वसंत-ग्रीष्म मेंदूज्वरा’च्या विषाणूगटाशी. सैबेरियाच्या थंड अरण्यांत हे विषाणू गोचिडींमधून पसरतात हे ठाऊक होते. पण विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, सह्याद्रीच्या दमट जंगलात त्यांचा एखादा भाऊबंद असेल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. विषाणूचे गोत्र कळताच वाहकाचाही अंदाज आला. डासांच्या जाळ्या बाजूला ठेवून पथकाने गोचिडी गोळा करायला घेतल्या. पहिल्या वर्षी ४६६ आणि दुसऱ्या वर्षी १८१ माणसे आजारी पडल्याची नोंद झाली. मागे वळून चौकशी केली तेव्हा १९५६ मध्येही असाच ताप येऊन गेल्याचे आणि तो विषमज्वर समजून सोडून दिला गेल्याचे गावकऱ्यांच्या बोलण्यातून दिसले.

हा ताप एकदम चढतो. डोके फुटेल असे दुखते, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल होतात. काहींना नाकातून, हिरड्यांतून, आतड्यांतून रक्त जाते. आठवडा-दोन आठवड्यांनी माणूस बरा झालासे वाटते तोच काहींना दुसरा फेरा येतो. मग मान ताठते, हात थरथरतात, भान हरपते. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. जे वाचतात त्यांना पूर्वीसारखे कामाला लागायला कित्येक आठवडे लागतात, आणि हातावर पोट असलेल्या घरात हे आठवडे फार जड जातात. मलनाडातल्या लोकांनी याला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार, हे नाव दिले. कोकणात आणि गोव्यात तो आता ‘माकडताप’ म्हणून ओळखला जातो.

गोचीड शोधायची कशी? हॅरॉल्ड ट्रॅपिडो हे पनामातल्या जंगलांत मुरलेले अमेरिकी जीवशास्त्रज्ञ या कामासाठी आले. त्यांच्याबरोबर पी. के. राजगोपालन, एम. जी. आर. वर्मा असे तरुण भारतीय शास्त्रज्ञ होते. दांडीला बांधलेले फ्लॅनेलचे कापड जंगलाच्या तळावरून हळूहळू ओढत न्यायचे, थोड्या अंतरावर थांबून ते उलटायचे, त्याला चिकटलेल्या बारीक बारीक गोचिडी चिमट्याने टिपून नळीत घालायच्या. सकाळपासून दुपारपर्यंत हेच. तिळाएवढी गोचीड अंगाला कधी चिकटली ते कळतही नाही, आणि ही माणसे तर तिच्याच राज्यात चालत होती. गोळा केलेल्या गोचिडी जातवार वेगळ्या करून, वाटून, पुन्हा उंदरांच्या पिल्लांना टोचल्या जायच्या. या खटाटोपातून १९५९ साली ट्रॅपिडो, राजगोपालन, वर्क आणि वर्मा यांनी जाहीर केले की हीमाफायसालिस वंशाच्या गोचिडींमध्ये निसर्गतःच हा विषाणू सापडतो. त्यातली मुख्य वाहक ठरली हीमाफायसालिस स्पिनिजेरा.

तिचे जीवनचक्र समजल्याशिवाय रोग समजत नाही. अंड्यातून बाहेर येते ती सहा पायांची अळी. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून, या अळ्यांचे पुंजके गवताच्या पात्यांवर आणि पाल्यावर बसून असतात. एखादे माकड, उंदीर, चिचुंदरी किंवा जमिनीवर वावरणारा पक्षी जवळून गेला की त्याला चिकटतात, रक्त पिऊन खाली गळून पडतात आणि कात टाकून आठ पायांच्या होतात. हीच दुसरी अवस्था डिसेंबर ते मेच्या दरम्यान माणसाला गाठते. अळीने आजारी माकडाचे रक्त प्यालेले असेल, तर विषाणू तिच्या पुढच्या अवस्थेतही जिवंत राहतो. पूर्ण वाढलेली मादी मात्र गुराढोरांसारख्या मोठ्या जनावरांच्या शोधात असते. त्यांच्या रक्तावर ती फुगते आणि जमिनीवर पडून हजारो अंडी घालते. माणसाकडून माणसाला हा रोग लागत नाही. विषाणूच्या प्रवासात माणूस ही बंद गल्ली आहे.

रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे हाच का, याचे उत्तर या चक्रात आहे. माकडे मेल्यावर माणसे आजारी का पडतात, याचेही. मरणाऱ्या माकडाच्या अंगावरून शेकडो बाधित अळ्या एकाच जागी गळून पडतात, आणि जिथे ते मेले त्या जागेच्या आसपास पुढचे काही आठवडे पाय टाकणे धोक्याचे होते. पुण्याच्या संशोधकांनी अशा जागा नकाशावर मांडल्या. माकड मरून पडलेल्या ठिकाणाभोवती पन्नास फुटांत मॅलेथिऑन भुकटी धुरळण्याचा उपाय आजही वापरला जातो. त्याचा पाया या नकाशांनी घातला.

संस्थेने सागर गावात क्षेत्र केंद्र थाटले आणि तिथून वर्षानुवर्षे काम चालले. हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय होता. साथ आली की पथक पाठवायचे आणि साथ ओसरली की परत बोलावायचे, असे करून हा रोग उलगडला नसता. सागरच्या केंद्रातली माणसे उन्हाळ्यात, पावसात, साथ नसलेल्या वर्षांतही जंगलात जात राहिली. त्यांच्या चिकाटीचा पुरावा म्हणून एकच आकडा पुरे. १९६४ ते १९७३ या दहा वर्षांत त्यांनी १,०४६ माकडांच्या मृत्यूंची नोंद केली: ८६० वानरे आणि १८६ लाल तोंडाची माकडे. यातल्या प्रत्येक नोंदीमागे दुर्गंधीने भरलेल्या झुडपात शिरलेला कुणीतरी माणूस आहे. गावचे गुराखी, सरपण आणणारे, वनखात्याचे रखवालदार यांच्याकडून खबर मिळाल्याशिवाय यातली निम्मी माकडेही सापडली नसती. शोधनिबंधांवर त्यांची नावे येत नाहीत, म्हणून ती कृतज्ञता इथे नोंदवणे योग्य आहे.

गोचिडींच्या जाती ओळखणे हेच एक शास्त्र होऊन बसले होते. अळी, मधली अवस्था आणि प्रौढ, तिन्ही रूपे वेगवेगळी दिसतात, आणि दक्षिण भारतातल्या हीमाफायसालिस गोचिडी ओळखण्यासाठी कोणताही मार्गदर्शक ग्रंथ नव्हता. ट्रॅपिडो, वर्मा, राजगोपालन, के. आर. पी. सिंग आणि एम. जे. रिबेलो यांनी तो १९६४ साली सिद्ध केला. यातले सिंग पुढे आणखी एका कामासाठी जगभर ओळखले गेले. १९६७ मध्ये त्यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या पेशी प्रयोगशाळेत सतत वाढत ठेवण्यात यश मिळवले. डेंग्यू, चिकनगुनिया यांसारख्या विषाणूंवर काम करणाऱ्या जगातल्या असंख्य प्रयोगशाळा ज्या ‘सी ६/३६’ पेशी वापरतात, त्यांचा उगम पुण्यातल्या या पेशींत आहे. पुणेकरांनाही ही गोष्ट फारशी ठाऊक नसते, याचे वाईट वाटते.

रोगाचा विषाणू इथे आला कुठून, हा प्रश्न सुरुवातीपासून सतावत होता. सैबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांनी तो गोचिडींसकट आणला असेल का? ही शक्यता तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. सूत्रे सलीम अली यांच्याकडे होती. पक्ष्यांनी रोग आणल्याचा पुरावा मिळाला नाही. भारतातल्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या ज्ञानाचा भक्कम पाया मात्र या कामातून घातला गेला. दुसरीकडे पुण्याच्या संशोधकांना कच्छ आणि सौराष्ट्रातल्या लोकांच्या रक्तातही या गटाच्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. विषाणू बाहेरून नुकताच आलेला पाहुणा नसून इथल्या मातीत फार पूर्वीपासून गुपचूप वावरणारा रहिवासी असावा, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

मग तो १९५६-५७च्या सुमारासच माणसांच्या वाट्याला का गेला? या प्रश्नाला सर्वांत खोल उत्तर दिले ते होर्हे बोशेल यांनी. कोलंबियाचा हा डॉक्टर जंगलातल्या पीतज्वराचा जाणकार. लाकूडतोडे उंच झाड पाडतात तेव्हा शेंड्यावर राहणारे निळसर डास झाडाबरोबर जमिनीवर येतात आणि तोडणाऱ्याला चावतात, हे त्यांनी आपल्या देशात प्रत्यक्ष पाहिले होते. साठच्या दशकात ते सागरला आले आणि तीच नजर त्यांनी मलनाडावर टाकली. त्यांना दिसले ते असे: लोकसंख्या वाढली, जंगलाच्या पोटात भातखाचरे घुसली, मोडलेल्या जंगलाच्या कडेने घाणेरीची दाट झुडपे माजली आणि गुरांचे कळप रोज आत-बाहेर करू लागले. गुरांमुळे प्रौढ गोचिडींना भरपूर रक्त मिळाले, त्यांची संख्या बेसुमार वाढली आणि जंगलाच्या आतला विषाणू कडेपर्यंत आला. गुरे स्वतः आजारी पडत नाहीत आणि विषाणूचा साठाही करत नाहीत. ती फक्त गोचिडी पोसतात. १९६९ साली प्रसिद्ध झालेला बोशेल यांचा निबंध आजही या विषयावरच्या अभ्यासकांना सुरुवातीला वाचावा लागतो. दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी भागात ऐंशीच्या दशकात काजूच्या लागवडीसाठी जंगल सफाचट केले गेले आणि पाठोपाठ तिथे मोठी साथ आली, तेव्हा त्यांचे म्हणणे किती खरे होते ते दिसले.

या ज्ञानाची किंमत संस्थेच्या माणसांनी स्वतःच्या अंगावर मोजली. जंगलात आणि पुण्यातल्या प्रयोगशाळेतही अनेकांना या विषाणूची लागण झाली. आजच्यासारखी सुरक्षित दालने तेव्हा नव्हती. हातमोजे, मुखपट्टी आणि सावधपणा एवढ्यावरच भिस्त होती. अखेर या विषाणूवरचे प्रयोगशाळेतले काम बराच काळ आवरते घ्यावे लागले. रुग्णांच्या लक्षणांचा आणि रक्तातल्या बदलांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या डॉ. खोर्शेद पावरी याच काळात घडल्या. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

लशीची कथा आशा आणि निराशा या दोन्हींनी भरलेली आहे. सुरुवातीला रशियन गटाच्या विषाणूपासून उंदरांच्या मेंदूत तयार केलेली लस शिमोग्यात देऊन पाहिली गेली. तिचा उपयोग झाला नाही. मग पुण्याच्या शास्त्रज्ञांनी क्यासनूरचाच विषाणू कोंबडीच्या गर्भातल्या पेशींवर वाढवून, फॉर्मलिनने मारून आपली लस बनवली. ती कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १९९० ते १९९२ या काळातल्या पाहणीत एका मात्रेने ७९.३ टक्के आणि दोन मात्रांनी ९३.५ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. हे यश मोठे होते. मात्र २००५ ते २०१० या काळातल्या माहितीवर आधारलेल्या पुढच्या अभ्यासात दोन मात्रांचे संरक्षण ६२.४ टक्क्यांवर आणि वर्धक मात्रेसह ८२.९ टक्क्यांवर आले. लस टोचल्यावर दुखत असे, पुन्हा पुन्हा घ्यावी लागे, म्हणून लोक ती टाळत. तिची ताकदही घटत गेली आणि २०२२ पासून तिचा वापर थांबला. कित्येक दशके एकच लस जवळपास तशीच वापरत राहणे ही देशाच्या संशोधनाची उणीव होती, हे स्पष्टपणे म्हणावे लागेल. ज्यांच्यासाठी ही लस होती ते लोक गरीब होते, जंगलाच्या कडेला राहणारे होते. त्यांच्यासाठी नवी लस बनवण्याची घाई कुणालाच वाटली नाही. आता भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांनी नव्या लशीचे काम हाती घेतले आहे.

दरम्यान संस्थेचे रूप पालटत होते. रॉकफेलर फाउंडेशनने १९६७ मध्ये आपली मदत थांबवली आणि संस्था पूर्णपणे परिषदेच्या खर्चाने चालू लागली. टी. रामचंद्र राव यांच्यासारखा भारतीय डासांचा जाणकार संचालक या संक्रमणात लाभला. १९७८ साली संस्थेला राष्ट्रीय विषाणू संस्था हे नाव मिळाले. कावीळ, इन्फ्लुएन्झा, पोलिओ, एड्स असे विषय वाढत गेले. सागरच्या जंगलात घडलेली माणसेही नव्या जबाबदाऱ्यांवर गेली. राजगोपालन आणि विजय धांडा हे दोघेही पुढे पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राचे संचालक झाले. राजगोपालन यांना १९९०ची पद्मश्रीही मिळाली.

गोचिडीने संस्थेला पुन्हा हाक मारली ती जानेवारी २०११ मध्ये. अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यातल्या कोलट गावची एक महिला रक्तस्रावी तापाने दगावली आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका हेही मृत्युमुखी पडले. नमुने पुण्याला आले. देवेंद्र मौर्य, प्रज्ञा यादव आणि सहकाऱ्यांनी निदान केले: क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. हा रोग भारतात असल्याची ती पहिली खात्रीशीर नोंद होती. हायलोमा वंशाच्या गोचिडी गुरांच्या अंगावर हा विषाणू बाळगतात आणि माणसाकडून माणसालाही तो रक्तावाटे लागू शकतो, त्यामुळे हे निदान तातडीने होणे किती जरुरीचे होते ते लक्षात येईल. संस्थेने रुग्णांबरोबरच गावातली गुरे आणि गोचिडीही तपासल्या आणि तिथेही विषाणूच्या खुणा सापडल्या. सत्तरच्या दशकातच पुण्याच्या संशोधकांना भारतातल्या जनावरांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे मिळाली होती. पस्तीस वर्षांपूर्वीची एक जुनी नोंद अशी एकदम जिवंत झाली. डिसेंबर २०१२ मध्ये पुण्यातल्या पाषाणला चौथ्या पातळीच्या जैवसुरक्षेची प्रयोगशाळा देशाला अर्पण करण्यात आली. दक्षिण आशियातली ही अशी पहिलीच प्रयोगशाळा. पूर्वी ज्या कामात माणसे आजारी पडत होती, ते काम आता हवाबंद पोशाखात आणि गाळलेल्या हवेत करता येते.

आणि मग माकडताप स्वतःच आधी दक्षिणेकडे आणि मग उत्तरेकडे सरकला. पन्नास वर्षांहून अधिक काळ हा रोग कर्नाटकाचाच समजला जात होता. २०१२ साली तो बंदीपूर आणि निलगिरीत दिसला, त्यानंतर केरळात वायनाडला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आणि २०१६च्या सुरुवातीला महाराष्ट्रात, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातला बांदा परिसर. सह्याद्रीच्या रांगेचा नकाशा समोर ठेवला तर ही वाट डोळ्यांना दिसते. हा रोग तिथे नव्याने पोचला की आधीपासूनच होता आणि ‘कुठलासा ताप’ म्हणून निसटत होता, हा प्रश्न १९५६ साली विषमज्वर समजून सोडून दिलेल्या तापाची आठवण करून देतो.

सत्तरी आणि दोडामार्गात हंगाम जुळतो तो काजूशी. फेब्रुवारीपासून लोक काजूच्या बागांत बोंडू गोळा करायला वाकतात, भाताच्या तरव्याची जागा भाजण्यासाठी पातेरा, म्हणजे पालापाचोळा, खरवडून आणतात, सरपणाला रानात शिरतात. नेमक्या याच दिवसांत गोचिडीची मधली अवस्था जमिनीवर असते. काजूच्या बागा जंगलाला लागून आहेत आणि वानरे आणि केलडी, म्हणजे लाल तोंडाची माकडे, त्यांत रोज उतरतात. गोव्यातल्या काजू कामगारांना या रोगाचा धोका जास्त असल्याचे पुण्याच्या संशोधकांच्या अभ्यासातही आले आहे. बोशेल यांनी मलनाडच्या भातखाचरांविषयी जे लिहिले, ते कोकणातल्या काजूबागेला बऱ्याच अंशी लागू पडते.

निदानाच्या बाबतीत मोठा पल्ला गाठला गेला आहे. संस्थेने २०१२ पर्यंत पीसीआर आणि प्रतिपिंडांच्या चाचण्या तयार केल्या होत्या. पूर्वी उंदराची पिल्ले आजारी पडायची वाट पाहत दिवस जायचे, आता काही तासांत उत्तर मिळते. गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या लहानशा ट्रूनॅट यंत्रावर चालणारी चाचणीही संस्थेच्या सहकार्याने पुढे आली, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जवळपासही निदान होऊ शकते. संस्थेचा लौकिक आज साथींच्या काळात वाढतो. ३० जानेवारी २०२० रोजी देशातला पहिला कोविड रुग्ण पुण्यातल्या तपासणीतून निश्चित झाला, विषाणू वेगळा करून लशीसाठी देण्याचे कामही इथेच झाले.

पण यंत्रे वाढली आणि जंगलातली माणसे कमी झाली, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. शिमोगा जिल्ह्यातल्या अरळगोडूला २०१८-१९च्या हंगामात अनेक बळी गेले, तेही या रोगाच्या जन्मभूमीजवळ, सहा दशकांच्या अभ्यासानंतर. गोचिडींच्या जाती डोळ्यांनी ओळखणारे कीटकशास्त्रज्ञ देशभर विरळ होत चालले आहेत. सिंधुदुर्गात कोणत्या जातीच्या गोचिडी कोणत्या महिन्यात किती असतात, याची सागरसारखी वर्षानुवर्षांची नोंद नाही. दोडामार्ग किंवा सावंतवाडीला सागरच्या धर्तीचे कायमचे क्षेत्र केंद्र असावे; साथ असो वा नसो, तिथली माणसे दर आठवड्याला कापड घेऊन रानात जावीत. पंचाहत्तरीचे औचित्य साधून करण्यासारखी याहून मोठी गोष्ट दुसरी नाही.

तोवर सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती: रानात, बागेत किंवा वाटेवर मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावू नका, त्याच्याजवळ गुरे नेऊ नका आणि त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याच्या रखवालदाराला कळवा. डिसेंबर ते मे या काळात रानात जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल हातापायांना लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग नीट तपासा आणि कपडे उकळत्या पाण्यात टाका. रानातून आल्यानंतर आठवडाभरात एकदम जोराचा ताप आला, तर डॉक्टरांना आपण कुठे गेलो होतो ते आवर्जून सांगा.